गाडीवरचा स्टिकर काढताय? आधी रंग सांभाळा! पावसाळ्याआधी वाहनधारकांसाठी कामाची माहिती

जासई (ता. उरण) : लग्नसराई आटोपली, गावोगावच्या क्रिकेट स्पर्धा आटोपल्या. आता पाऊस पडायच्या आधी गाड्या धुऊन, पुसून, बारीकसारीक कामे करून ठेवायचे दिवस. आपल्या उरण-पनवेल भागात गाडी म्हटली की तिच्यावर स्टिकर आलाच. 'आई एकविरा प्रसन्न', 'दादूस', 'आईची पुण्याई', मंडळाचे नाव, पोरांची नावे, ज्या कंपनीत गाडी लावली त्या कंपनीचे नाव, आणि मागच्या निवडणुकीतले चिन्ह. लावायला पाच मिनिटे लागतात. काढायची वेळ आली की मात्र कोणी ब्लेड घेतो, कोणी थिनर घेतो, कोणी सरळ नखाने ओरबाडतो. स्टिकर निघतो, पण सोबत रंगही जातो.

रंग गेला तर एवढे काय, असे वाटेल. पण आपला भाग खाडीच्या काठचा आहे. हवेत खारटपणा, रस्त्यावर ट्रेलरची आणि भरावाची धूळ, आणि चार महिने पाऊस. उघडा पडलेला पत्रा इथे फार दिवस टिकत नाही. जूनमध्ये पडलेला नखाएवढा ओरखडा दिवाळीपर्यंत गंजाचा फोड होऊन बसतो. ज्याची पिकअप किंवा छोटा हत्ती हीच रोजीरोटी आहे, त्याला हा फोड परवडत नाही. गाडी विकायला काढली की समोरचा आधी हेच डाग बोटाने दाखवतो आणि भाव पाडतो. म्हणून स्टिकर कसा काढायचा हे नीट समजून घेतलेले बरे. काम अवघड नाही. घाई मात्र चालत नाही.

'रेडियम' म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे गाडीवरच्या सगळ्याच स्टिकरांना 'रेडियम' म्हणतात आणि ते कापून देणाऱ्याला रेडियमवाला. खरे तर त्यात रेडियम नावाला पण नसते. रेडियम हे १८९८ मध्ये मेरी आणि पिएर क्युरी यांनी शोधलेले किरणोत्सारी मूलद्रव्य. पूर्वी घड्याळाचे काटे अंधारात चमकावेत म्हणून त्याचा रंग वापरत. त्यावरून चमकणाऱ्या वस्तूला रेडियम म्हणायची सवय लागली आणि ती राहिली.

गाडीवर लावतात तो असतो विनाइलचा, म्हणजे पीव्हीसी प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. त्याच्या मागे दाबल्यावर चिकटणारा गोंद असतो. रात्री हेडलाइट पडल्यावर जो चमकतो त्यात काचेचे अगदी बारीक मणी किंवा छोटे पैलू पाडलेले असतात. ते आलेला उजेड आल्या वाटेने परत पाठवतात. हा चमकणारा प्रकार साध्या विनाइलपेक्षा जाड आणि जास्त कडक असतो, म्हणून काढायलाही जास्त त्रास देतो.

नवा स्टिकर मऊ असतो, कारण प्लास्टिक मऊ राहावे म्हणून त्यात तेलकट पदार्थ घातलेले असतात. उन्हात दोन-तीन वर्षे गेली की हे पदार्थ निघून जातात. स्टिकर वाळलेल्या पानासारखा ठिसूळ होतो, त्याला भेगा पडतात, आणि ओढला की नखाएवढे तुकडेच हातात येतात. म्हणजे काढायचाच असेल तर लवकर काढावा. एका उन्हाळ्याचा स्टिकर आणि पाच उन्हाळ्यांचा स्टिकर, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

रंगाची जाडी एका कागदाएवढी

कंपनीतून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर रंगाचे चार थर असतात. सगळ्यात खाली गंज रोखणारा थर, त्यावर प्राइमर, मग खरा रंग, आणि सगळ्यात वर काचेसारखा पारदर्शक लेप, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. हे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन. म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाच्या आसपास. त्यातला क्लिअर कोट फक्त ४०-५० मायक्रॉनचा. गाडीची चमक आणि उन्हापासूनचे संरक्षण या एवढ्याशा लेपावर अवलंबून असते.

ब्लेडचा एक चुकलेला फटका हा लेप सहज कापतो. धुळीने भरलेल्या फडक्याने जोरात घासले तरी तो खरवडतो. आपल्या रस्त्यावरची धूळ म्हणजे दगडाची भुकटी असते. गाडी न धुता स्टिकरवर फडके घासणे आणि पॉलिश पेपर घासणे यात फार अंतर नाही.

दुसरी गोष्ट, गाडीचा रंग कंपनीचा आहे की गॅरेजमध्ये मारलेला, हे आधी बघा. कंपनीत रंग भट्टीत १४० अंशांच्या आसपास भाजला जातो, म्हणून तो पत्र्याला घट्ट धरून असतो. गॅरेजमधला रंग तेवढा भाजलेला नसतो. खालची घासाई नीट केली नसेल, तर स्टिकर ओढताना रंगाचा पापुद्राच वर येतो. रिपेंट ओळखायचा कसा? दाराच्या रबरावर, बिजागरीवर किंवा स्क्रूवर रंगाचे शिंतोडे दिसतात. शेजारच्या पत्र्याशी छटा जुळत नाही. अशा जागेवरचा स्टिकर दुप्पट सावकाश काढायचा. रंग नुकताच मारला असेल तर एक-दोन महिने त्याला हातच लावू नये.

काय काढायचे नाही, ते आधी बघा

साफसफाईच्या नादात काही जण लागणारी पट्टीही काढून टाकतात आणि मग पासिंगला किंवा रस्त्यात अडकतात. पुढच्या गोष्टींना हात लावू नका :

- मालवाहू गाडी आणि ट्रेलरवरच्या चमकणाऱ्या पट्ट्या. समोर पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार त्या लागतात. रात्री रस्त्याकडेला उभा असलेला ट्रेलर दुचाकीवाल्याला याच पट्टीमुळे दिसतो. फाटली असेल तर काढा, पण त्याच दिवशी नवीन लावा.
- समोरच्या काचेवर आतून लावलेला नोंदणीचा छोटा स्टिकर. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटसोबत तो मिळतो. पेट्रोल आणि सीएनजीला फिकट निळा, डिझेलला नारिंगी रंग असतो.
- मालवाहू गाडीच्या बाजूवर लिहिलेली मालकाची आणि वजनाची माहिती.
- चालू असलेला फास्टॅग. तो एकदा उचकटला की आतली तार तुटते आणि दुसऱ्यांदा चालत नाही.

उलट काही गोष्टी काढलेल्याच बऱ्या. नंबर प्लेटवर नंबराशिवाय दुसरे काही चालत नाही. देवाचे नाव नाही, पक्षाचे चिन्ह नाही, आकड्यांची वेलांटी करून 'दादा' वाचता येईल असली कलाकारी तर नाहीच. असे सापडले की मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा सापडल्यास १,५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ट्रकच्या मागचे 'हॉर्न ओके प्लीज' सुद्धा राज्याच्या परिवहन आयुक्तांनी २०१५ मध्येच बंद करायला सांगितले होते. 'पोलीस', 'महाराष्ट्र शासन' आणि आमच्या धंद्यातला 'प्रेस' हे शब्द ज्याचा त्या कामाशी संबंध नाही त्याच्या गाडीवर राहू नयेत.

गुळाच्या पाकाचे गणित

स्टिकरचा गोंद समजायचा असेल तर गुळाचा पाक आठवा. थंड पाक कडक असतो, टिचतो. कोमट पाक लवचिक असतो, ओढला की सलग येतो. फार गरम केला की पातळ होतो आणि सगळीकडे पसरतो. गोंदाचेही तसेच आहे. थंड गाडीवरून स्टिकर ओढला तर तो तुटतो किंवा रंगाला ओढून घेतो. फार तापवला तर प्लास्टिक हातात येते आणि गोंद सगळा पत्र्यावर राहतो. मधली कोमट अवस्था साधली की काम सोपे होते.

कोमट म्हणजे किती? तळहात पत्र्यावर ठेवला तर चांगला ऊन लागला पाहिजे, पण तीन-चार सेकंद ठेवता आला पाहिजे. हात झटकून काढावा लागला तर जास्त झाले.

काढायची पद्धत, पायरी पायरीने

१) गाडी आधी भरपूर पाण्याने धुवा. नुसते ओले फडके फिरवू नका. पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्या, मग शाम्पूच्या पाण्याने स्टिकरच्या आजूबाजूची वीतभर जागा साफ करा आणि सुती फडक्याने कोरडी करा.

२) सकाळी नऊ-दहाच्या सुमारास गाडीची ती बाजू उन्हाकडे करून अर्धा तास उभी ठेवा. तेवढी ऊब बहुतेक वेळा पुरते. एप्रिल-मेमध्ये दुपारी बारानंतर हे काम करू नका. तेव्हा काळ्या किंवा गडद रंगाच्या गाडीचा पत्रा हात लावू देत नाही.

३) ऊन नसेल तर केस वाळवायचा ड्रायर घ्या. वीतभर अंतरावर धरून सारखा हलवत ठेवा, एका जागी थांबू नका. ड्रायर नसेल तर गरम पाण्यात फडके बुडवून, पिळून, स्टिकरवर दोन-तीन मिनिटे दाबून धरा. उकळते पाणी ओतू नका. गॅरेजमधली हीट गन पाचशे अंशांच्या वर जाते, ज्याचा हात बसला आहे त्यानेच ती वापरावी. मेणबत्ती, लायटर, गॅसची टॉर्च हे तर मुळीच नको.

४) एक कोपरा नखाने सोडवा. नखाने होत नसेल तर जुने एटीएम कार्ड किंवा प्लास्टिकची पट्टी आडवी धरून हळूच सरकवा. ब्लेड, पाते, स्क्रू ड्रायव्हर, तारेची घासणी यांना पत्र्याजवळ आणू नका.

५) कोपरा सुटला की स्टिकर सरळ आपल्या अंगाकडे ओढू नका. तसे ओढले की सगळा जोर रंगाला पत्र्यापासून उचलायला लागतो. स्टिकर मागे दुमडा, पत्र्याच्या जवळून, जवळपास पत्र्याला समांतर असा ओढा. जखमेवरची पट्टी काढताना पहिलीला एक झटका देतो, तसे इथे नको. सेकंदाला एखादा सेंटिमीटर एवढा वेग पुरे. सावकाश ओढले की गोंदाला सुटायला वेळ मिळतो आणि तो स्टिकरसोबत येतो.

६) मध्येच अडकले तर थांबा. तेवढ्या जागेला पुन्हा ऊब द्या आणि पुढे चला. रंगाचा पापुद्रा वर येताना दिसला तर तिथेच सोडा, दुसऱ्या बाजूने सुरुवात करा आणि तेवढा भाग तेल लावून मऊ करून काढा.

ठिसूळ झालेल्या जुन्या स्टिकरचे मात्र तुकडेच निघतात. त्याला उपाय म्हणजे तेल. सुती फडके खोबरेल तेलात भिजवून स्टिकरवर अर्धा तास ठेवा. भेगांमधून आणि कडांमधून तेल गोंदापर्यंत पोचते. मग प्लास्टिकच्या कार्डाने खरवडले की तुकडे सुटतात. दोन-तीनदा करावे लागेल. वेळ जाईल, पण रंग जाणार नाही.

चिकट राहिले तर काय लावायचे?

स्टिकर निघाल्यावर गोंदाचा थर राहिला तर त्यावर धूळ बसून काळा डाग होतो, म्हणून तो त्याच दिवशी काढा. सौम्य वस्तूपासून सुरुवात करून गरज पडली तरच पुढे जा.

- *खोबरेल किंवा कुठलेही खायचे तेल* : सगळ्यात सुरक्षित, पण सावकाश. वीस मिनिटे ठेवून बोटाने चोळले की गोंदाच्या गोळ्या होतात.
- *निलगिरीचे तेल* : औषधाच्या दुकानात मिळते. थोडे लागते, काम लवकर होते. लगेच पुसून घ्यावे.
- *हँड सॅनिटायझर किंवा स्पिरिट* : पातळ थरासाठी ठीक. फडक्यावर घेऊन पुसा, गाडीवर ओतू नका.
- *रंगाच्या दुकानातले टर्पेंटाइन किंवा रॉकेल* : कंपनीच्या रंगावर चालते, तेही फडका ओला करून, एका वेळी अर्धा मिनिट. मग साबणाच्या पाण्याने धुवा. आगीपासून लांब राहा, विडी-सिगारेट बाजूला ठेवा.

कुठलीही वस्तू आधी आडोशाच्या जागी, म्हणजे दाराच्या आतल्या कडेला लावून बघा. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर थांबा. तो एक तर क्लिअर कोट नसलेला रंग आहे, नाही तर गॅरेजचा कच्चा रंग आहे. तिथे तेलाशिवाय दुसरे काही वापरू नका.

आता काय लावायचे नाही. थिनर नको, तो रंग पातळ करण्यासाठीच बनवलेला असतो. नेलपॉलिश काढायचे पाणी नको, त्यात बहुतेक वेळा अ‍ॅसिटोन असते. ब्रेक ऑइल नको, ते रंगावर सांडले तरी रंग फुगतो. पेट्रोल बरेच जण वापरतात, पण ते लवकर पेट घेते, वाफ डोक्यात जाते, आणि हेडलाइटच्या प्लास्टिकवर गेले तर त्याला बारीक भेगा पडतात.

सगळ्या जागा सारख्या नसतात

*दुचाकीची टाकी* : बऱ्याच मोटरसायकलींवर कंपनीचे डिझाइन क्लिअर कोटच्या खाली असते. नख फिरवून बघा. कड हाताला लागली तर स्टिकर वर आहे, काढता येईल. कड लागलीच नाही तर तो लेपाखाली आहे. तो काढायचा म्हणजे टाकी घासून पुन्हा रंगवायची. त्याच्या मागे लागू नका. टाकीवर काम करताना ड्रायरचीही घाई नको, आत पेट्रोल आहे. ऊन आणि गरम पाण्याचे फडके एवढ्यावर भागवा.

*बंपर आणि प्लास्टिकचे भाग* : प्लास्टिक उष्णतेने वाकते आणि त्यावरचा रंग पत्र्याएवढा घट्ट नसतो. ऊब निम्मी ठेवा, तेल जास्त वापरा.

*काच* : काचेवर साबणाचे पाणी लावून ब्लेड आडवे धरून चालवले तर चालते. पण मागच्या काचेवर आतून बारीक तांबूस रेघा असतील तर ब्लेड नको. त्या धुके घालवणाऱ्या तारा असतात, एक कापली तरी तेवढी रेघ बंद पडते.

*उठावदार बॅज* : कंपनीचे नाव किंवा मॉडेलचे अक्षर हे फोमच्या दुहेरी टेपने चिकटवलेले असते. ते उचकटू नका. आपल्याकडे मासेमारीचे तंगूस घरोघरी मिळते. हातभर तंगूस दोन्ही हातांत ताणून बॅजच्या मागून करवतीसारखे पुढे-मागे करा. फोम कापला जातो, पत्र्याला काही होत नाही. उरलेला फोम तेल लावून अंगठ्याने चोळून काढा.

*पेंटरने रंगवलेली अक्षरे* : जुन्या ट्रकवर आणि टेम्पोवर ही असतात. हा स्टिकर नाही, रंग आहे. वरच्या कुठल्याही पद्धतीने तो निघणार नाही. ते काम पेंटरकडेच द्यावे.

*लग्नाच्या गाडीची चिकटपट्टी* : फुले, रिबिनी आणि नावांचे पुठ्ठे लावायला साधी सेलोटेप वापरतात. ती उन्हात दोन दिवस राहिली की तिचा गोंद पत्र्यावर उतरतो. वरात परत आल्यावर त्याच संध्याकाळी काढली तर नुसत्या बोटाने निघते. पुढच्या वेळी रंगकामाची कागदी मास्किंग टेप लावा, तीही त्याच दिवशी काढा.

देवाचा आणि 'दिबां'चा फोटो असेल तर

आपल्या भागात हा प्रश्न नुसता रंगाचा नाही. कितीतरी गाड्यांवर एकविरा आईचा फोटो आहे. कितीतरी गाड्यांवर लोकनेते दि. बा. पाटील यांचा आहे. दिबा जासईचे. जानेवारी १९८४ मध्ये सिडकोच्या जमीन संपादनाविरोधात त्यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, त्यात जासई आणि नवघर परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळाला. २०२१ मध्ये नवी मुंबई विमानतळाला दिबांचे नाव द्यावे म्हणून १० जूनला मानवी साखळी झाली आणि २४ जूनला, त्यांच्या स्मृतिदिनी, सिडको भवनावर मोर्चा गेला. त्या दिवसांत लावलेले स्टिकर आज अनेक गाड्यांवर फिके पडले आहेत, कडा उचकटल्या आहेत. गाडी विकायची आहे, पण चेहऱ्यावर ब्लेड फिरवायला हात होत नाही. हे कुणाला सांगावे लागत नाही, सगळ्यांना कळते.

अशा स्टिकरसाठी थोडी जास्त सवड काढा. चेहऱ्याच्या बाजूने सुरुवात न करता खालच्या कोपऱ्यापासून करा. ऊब सगळ्या स्टिकरला सारखी द्या. दोन जण असतील तर एकाने ड्रायर पुढे पुढे न्यायचा आणि दुसऱ्याने दोन्ही हातांनी पूर्ण रुंदी धरून सावकाश मागे दुमडत जायचे. एक-दोन वर्षांचा स्टिकर असा बहुतेक वेळा अखंड निघतो. निघाल्याबरोबर तो गुळगुळीत मेणकागदावर पसरवून ठेवा. रेडियमवाल्याकडे स्टिकरच्या मागचा कागद रद्दीत पडलेला असतो, तो मागून घ्या. म्हणजे घडी पडून चिकटणार नाही. काचेवर किंवा प्लायवर लावून घरात ठेवता येतो. गाडीवर पुन्हा लावायला मात्र तो चालत नाही, कारण गोंदाची ताकद गेलेली असते आणि स्टिकर ताणलेला असतो.

जुना, भेगाळलेला असेल आणि तुकडेच होणार असतील तर कोरडा खरवडू नका. तेलाचे फडके ठेवून पूर्ण मऊ होऊ द्या आणि फडक्यातच पुसून घ्या. तुकडे रस्त्यावर, गटारात जाऊ देऊ नका. नवा लावायचाच असेल तर पत्र्याऐवजी मागच्या काचेवर लावावा, पण आरशातून मागचे दिसायला अडथळा होणार नाही एवढाच. काचेवरून पुढे काढायला सोपा जातो.

स्टिकर गेला, पण अक्षरांची सावली राहिली

हे नेहमीचे आहे. स्टिकर काढल्यावर तीच अक्षरे गडद रंगात दिसत राहतात. गोंद राहिला असे वाटून लोक घासत बसतात आणि लेप घालवतात. खरे म्हणजे तिथे काही राहिलेले नसते. आजूबाजूचा रंग उन्हाने फिका पडला आणि स्टिकरखालचा रंग सावलीत ताजा राहिला, एवढेच. लाल रंगावर हे सगळ्यात जास्त दिसते.

पाण्याचे दोन थेंब टाकून बोट फिरवून बघा. बोट अडकले तर गोंद आहे, घसरले तर सावली आहे. सावलीवर उपाय म्हणजे बाजूच्या फिक्या रंगाला उजळ करणे. बारीक रबिंग कंपाउंड मऊ फडक्यावर घेऊन आजूबाजूच्या भागावर हलक्या हाताने गोल फिरवा, मग पॉलिश, मग वॅक्स. कंपाउंड दर वेळी थोडा लेप खाते, म्हणून एकदा-दोनदा पुरे. पत्र्याच्या कडांवर आणि उभारांवर मशीन फिरवू नका, तिथे लेप सगळ्यात पातळ असतो. पाच-सात वर्षांची सावली पूर्ण जात नाही. पुढे काही महिने उन्हात फिरल्यावर तोही भाग थोडा फिका पडतो आणि फरक कमी दिसतो. मॅट रंगाच्या गाडीला कंपाउंड किंवा पॉलिश लावूच नये, तिथे चकाकता डाग पडतो आणि तो जात नाही.

रंग निघालाच तर

एवढे करूनही रिपेंटच्या जागी कधी टवका उडतोच. तेव्हा झाकून ठेवू नका. पत्रा दिसतोय की अजून प्राइमर आहे ते बघा. प्राइमर शाबूत असेल तर फारशी घाई नाही, टचअपचा रंग लावून भागते. पांढरा चकचकीत पत्रा दिसत असेल तर त्याच दिवशी जागा गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण कोरडी करा आणि प्राइमरचा पातळ हात द्या. रंग सवडीने मारता येतो, प्राइमर मात्र थांबत नाही. तांबूस गंज आधीच धरला असेल तर तो बारीक पॉलिश पेपरने साफ करूनच प्राइमर लावा, नाही तर गंज आतून वाढत राहतो.

गाडी विकताना हे विसरू नका

गाडी दुसऱ्याच्या हातात जाताना मंडळाचे, पक्षाचे, कंपनीचे, युनियनचे आणि 'प्रेस'सारखे सगळे स्टिकर उतरवूनच द्या. तुमच्या गावाचे किंवा संस्थेचे नाव लावलेली गाडी उद्या कुठे, कशासाठी फिरेल, हे तुमच्या हातात राहत नाही. कंपनीत लावलेल्या गाडीचे काम संपले असेल तर त्या कंपनीचे नावही ठेवू नका. फास्टॅग काढा आणि बँकेकडे बंद करून घ्या, नाही तर नव्या मालकाचा टोल तुमच्या खात्यातून जात राहील. आणि हे सगळे गिऱ्हाईक यायच्या आदल्या रात्री करू नका. आठवडाभर आधी करा, म्हणजे राहिलेला गोंद, सावली, टवका हे सगळे सावकाश निस्तरता येते.

साहित्य काय लागते? बादलीभर पाणी, शाम्पूची पुडी, चार सुती फडकी, वाटीभर खोबरेल, एक जुने कार्ड आणि सकाळचा तास-दोन तास. पाऊस सुरू झाला की ऊनही मिळणार नाही आणि कोरडा पत्राही मिळणार नाही. ज्यांच्या गाडीवर काढायचे काही आहे, त्यांनी ते या आठवड्यातच उरकून घ्यावे.